यादीतली दोन माणसं

"सूर्याला पाणी घातल्याबिगर आन् पोथीचा अध्याय संपल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई, धुरपदे. दारात राजा येऊन हुबा ऱ्हायला तरी न्हाई. आषाढी एकादशीला धरायचं ते कार्तिकीला सोडायचं."

साखरबाई, धुरपदाबाईंची सासू, हे बोलून गेल्याला बारा वर्षं झाली होती. जाताना तिनं सुनेच्या हाती लाल फडक्यात बांधलेली पोथी दिली आणि हा नेम दिला. धुरपदाबाईंना मूलबाळ नव्हतं, नवरा सासूच्या आधीच गेलेला. मांडवगण फराट्याच्या त्या घरात बोलायला तसंही कुणी नव्हतं. तरीही चातुर्मासात सकाळचं मौन त्यांनी एक दिवसही मोडलं नाही. पाणी आणायला आलेल्या बायका खुणेनं बोलत, गवळी भाव सांगून निघून जाई, आणि गावाला त्याची सवय झाली होती.

बासष्ट सालच्या श्रावणात गावात निरोप आला. तिबेटात लढाई होऊन तिथली माणसं डोंगर उतरून आपल्या मुलखात आली होती. सरकार त्यांना दक्षिणेला, म्हैसूरकडे जमीन देऊन वसवत होतं. त्यांची एक खास गाडी दौंडला चार तास थांबणार होती आणि त्या सगळ्यांना एक जेवण द्यायची सरकारी मंजुरी आली होती. पीठ, डाळ, तांदूळ कचेरीतून मिळणार. हात मात्र बायकांचे हवेत. शिरूर तालुक्यातल्या महिला मंडळांना विचारणा झाली. मांडवगणच्या अकरा बाया तयार झाल्या, त्यात धुरपदाबाई पहिल्या. अतिथीला वाढायचं म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचायचं नाही.

तांबडं फुटायच्या आत निघावं लागलं. बैलगाडीनं नदीपर्यंत, होडीनं पलीकडे आणि तिथून कचेरीच्या ट्रकनं. होडीत बसल्या बसल्या धुरपदाबाईंनी ओंजळीनं सूर्याला पाणी दिलं, पण अध्याय राहिला. पोथी त्यांनी काखोटीला मारली. गाडी गेल्यावर फलाटावर कुठंतरी बसून वाचू, तोवर गप्प राहू, असा त्यांनी मनाशी विचार केला.

ट्रकमध्ये बरोबर आलेले मंडळाचे बबनराव म्हणाले, "धुरपदाबाई आज मुक्याच का? बेस हाय. त्या तिबेटी बायांना मराठी कळत न्हाई आन् तुम्ही बोलत न्हाई. बरोबरीचा मामला."

बाया हसल्या. धुरपदाबाईही हसल्या, ओठ न उघडता.

गाडी आली तेव्हा चांगलंच ऊन तापलं होतं. त्या वर्षी श्रावणात पावसानं दडी मारली होती. डब्यांतून माणसं उतरली. अंगावर जाडजूड लोकरीचे झगे, पायांत कातड्याचे बूट, तोंडं उन्हानं रापून लाल झालेली. म्हाताऱ्यांच्या हातात माळा होत्या. ते पाहून धुरपदाबाईंना आपलीच माणसं भेटल्यासारखं वाटलं. काखोटीला पोथी, एका हातात वरणाची बादली आणि दुसऱ्या हातात पळी घेऊन त्या रांगेनं वाढत निघाल्या.

दौंड स्टेशनाची एक गंमत आहे. तिथल्या माणसांना ती गंमत वाटत नाही, कारण ती रोज बघतात. नगरकडून आलेल्या गाडीला सोलापूरकडे जायचं असेल, तर इंजिन सोडवून गाडीच्या शेपटाला नेऊन जोडतात. शेपटाचं डोकं होतं आणि गाडी ज्या बाजूनं आत आली त्याच बाजूनं बाहेर पडते. थोडं गेल्यावर रूळ फुटतात, नगरचा एकीकडे, सोलापूरचा दुसरीकडे. पण ते फलाटावरून दिसत नाही.

वाढणं उरकत आलं होतं. एक तिशीची बाई डब्याच्या दारात उभी होती, पाठीला फडक्यात बांधलेलं सालभराचं लेकरू. तिचं लक्ष जेवणात नव्हतं. ती इंजिनाकडे बघत होती. ते शेजारच्या रुळावरून मागं गेलं होतं आणि आता शेपटाच्या डब्याला लागत होतं. तिनं धुरपदाबाईंचा दंड धरला. हात लांब करून ज्या बाजूनं गाडी आली ती बाजू दाखवली आणि काहीतरी विचारलं. पुन्हा दाखवलं. पुन्हा विचारलं.

धुरपदाबाईंना वाटलं, विचारतेय की गाडी त्या अंगाला निघणार का. निघणार तर तिकडंच होती. त्यांनी मान हलवली. हो.

बाईचा हात गळून पडला. ती पोथीकडे बघत राहिली, मग धुरपदाबाईंच्या तोंडाकडे. आणि डब्यात निघून गेली. धुरपदाबाई बादली घेऊन पुढच्या डब्याकडे गेल्या.

शिट्टी झाली, गाडी हलली. डब्यांच्या मधल्या फटींतून पलीकडच्या बाजूला कुणीतरी धावताना दिसलं. एका फटीत दिसलं, दुसऱ्या फटीत दिसलं. पाठीवरचं फडकं ओळखीचं होतं. ती बाई पलीकडच्या अंगानं खाली उतरली होती आणि गाडीबरोबर पळत, डब्यावर हात आपटत ओरडत होती.

धुरपदाबाईंनी तोंड उघडलं. सकाळपासून बंद असलेल्या गळ्यातून आधी नुसता वारा आला. मग आवाज आला. "थांबवा, आवो, थांबवा गाडी." पण तेवढ्यात गार्डाचा डबाही पुढून निघून गेला होता. गाडी गेली, आणि मोकळ्या रुळांपलीकडे ती बाई गुडघ्यांवर बसलेली दिसली.

तिची मोठी मुलगी शेजारच्या डब्यात, त्यांच्याच गावच्या एका म्हातारीपाशी झोपली होती. धाकटीला घेऊन आई खाली उतरली, मोठीला उतरवायला निघाली, आणि तेवढ्यात गाडी सुटली. हे पुढे कळलं. त्या वेळी कुणाला काही कळलं नाही. स्टेशनमास्तरांनी पुढं तार केली. सोलापूरहून उत्तर आलं की मुलगी गाडीत सुखरूप आहे, पण खास गाडी मागं आणता येणार नाही.

संध्याकाळच्या पॅसेंजरनं बाईला पाठवून द्यावं असं मास्तर म्हणाले. तिला डब्याजवळ नेलं, तर तिनं फलाटाच्या खांबाला अशी मिठी मारली की चौघांना सुटेना.

"ऱ्हाऊ द्या," लालमहंमद म्हणाला. तो रेल्वेचा सांधेवाला, रूळ बदलणारा. "माझ्या क्वार्टरात न्हेतो. माझी बायकू खुर्शिद हाय घरात."

मांडवगणच्या बाया ट्रकनं परत गेल्या. धुरपदाबाई गेल्या नाहीत. दौंडात त्यांची मावसबहीण भामाबाई होती, तिच्याकडं राहते म्हणाल्या. दोन दिवस म्हणाल्या होत्या.

लालमहंमदचं क्वार्टर रुळाला लागूनच होतं. पुढं पत्र्याची पडवी. ती बाई पडवीतून हलायची नाही. रूळ दिसला पाहिजे, बस. छातीवर बोट ठेवून 'ल्हामो' म्हणाली, ते तिचं नाव. लेकराचं पासांग. रुळाकडे हात करून ती 'छोडेन, छोडेन' म्हणायची, ते मोठीचं.

धुरपदाबाई सकाळी भामाबाईकडे अध्याय वाचून येत आणि दिवेलागणीपर्यंत पडवीत बसत. तिसऱ्या दिवशी नगरकडची एक गाडी आली. इंजिन सुटलं, शेजारच्या रुळावरून मागं गेलं, शेपटाला लागलं. ल्हामोनं लेकराला छातीशी घट्ट धरलं आणि तिचा हात पुढं झाला. त्याच अंगाला, तसाच. गाडी त्या बाजूला निघाली, तेव्हा तिनं तोंड फिरवून भिंतीला डोकं टेकलं.

धुरपदाबाईंच्या तेव्हा ध्यानात आलं. तिला वाटलं होतं, आपल्याला परत नेतायत. जिथून जीव घेऊन आलो तिथं परत. तिनं ते विचारलं होतं, आणि मी मान हलवली होती.

"आक्का, पाणी देऊ?" खुर्शिदनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "व्हय, ते तुम्हाला चालत न्हाई. माझ्या चुलीपाशी दिवसभर बसता, पर माझं पाणी चालत न्हाई. बसा मग तशाच कोरड्या."

तिच्या बोलण्यात चेष्टा होती, राग नव्हता.

चौथ्या दिवशी कचेरीतले कारकून आनंदराव सायकलवर आले. न्हावऱ्याचे होते, काटेकोर माणूस. टोपीसुद्धा मोजून घातल्यासारखी.

"रागावू नका कुणी," ते म्हणाले. "दौंडाला एका जेवणाची मंजुरी हुती. ते जेवण झालं. आता ह्या बाईचं राशन, दूध, आंथरूण, समदं तिकडच्या छावणीच्या नावावर मंजूर हाय. कागदावर ही बाई तिकडं पोचली."

"म्हंजी कागदावर ती तिकडं जेवतीया?" खुर्शिद म्हणाली.

"तसं म्हणायला हरकत न्हाई."

"मग हितं कोण बसलंय, आनंदरावदादा? तिची सावली का?"

आनंदराव गोरेमोरे झाले. "मी पुण्याला लिवलंय. तिथनं दिल्लीला जाईल. आपल्या हातात लिवणं हाय, बाई. ह्यांना हुकमाबिगर कुठं धाडता येत न्हाई आन् दुसरी खास गाडी आल्याबिगर संगं दुभाष्या मिळत न्हाई."

धुरपदाबाईंनी विचारलं, "हिच्या लेकीला कोण सांगंल, आई हितं हाय म्हणून?"

"तेबी लिवतो," आनंदराव म्हणाले, आणि खरोखरच खिशातून कागद काढून तिथंच लिहून घेतलं.

दिवस जात राहिले. ल्हामो भाकरी खायला शिकली. चहात मात्र मीठ टाकायची. खुर्शिद नाक मुरडायची आणि तिच्या हाताशी मिठाची वाटी ठेवायची. धुरपदाबाई रोज काहीतरी आणत. कधी भामाबाईकडचं ताक, कधी राजगिऱ्याचा लाडू. ल्हामो ते दोन्ही हातांनी घेई, कपाळाला लावी. तिच्या त्या नमस्काराची धुरपदाबाईंना भीती वाटायची. आपण काय केलं ते हिला ठाऊक नाही. सांगायचं तर कोणत्या बोलीत सांगायचं?

भाद्रपदात गोवराची साथ आली. रेल्वेच्या चाळीत चार पोरं आजारी पडली, पाचवी पासांग. डॉक्टर आले, औषध दिलं, म्हणाले, अंगात ताकद नाही, दूध पोटात गेलं पाहिजे. गायीचं दूध तिला पचेना. स्टेशनाच्या गोदामात परदेशातून आलेल्या दुधाच्या पावडरीच्या पेट्या होत्या, निर्वासितांसाठीच, पण छावणीच्या नावाच्या आणि सीलबंद. आनंदराव एका सकाळी धोतराच्या सोग्याखाली एक डबा घेऊन आले.

"वाटेत फुटला आसं दाखवतो," ते खाली बघत म्हणाले. "चोवीस वर्षांत पयल्यांदा खोटं लिवतोय."

ते दूध पासांगनं दोन दिवस घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी धुरपदाबाई अंघोळ करून पोथी उघडून बसल्या होत्या, पहिली ओवी वाचली होती, तेवढ्यात लालमहंमद दारात आला. पोथी तशीच उघडी टाकून त्या निघाल्या आणि वाटभर त्याला विचारत राहिल्या, "केव्हा? केव्हा रं, भाऊ?" मौनाची त्यांना आठवणही झाली नाही.

लहान लेकराला सगळेच मातीत ठेवतात. तिथं जात आडवी येत नाही. नदीकाठी बाभळीखाली लालमहंमदनं खड्डा खणला. ल्हामोनं गळ्यातली माळ काढून लेकराच्या हाताभोवती गुंडाळली, तिच्या बोलीत बराच वेळ काही म्हणत राहिली. धुरपदाबाईंनी मूठभर माती टाकली. परत आल्यावर त्या पडवीत बसल्या, आणि खुर्शिदनं न विचारताच तांब्या पुढं केला. त्यांनी तो घेतला आणि घटाघटा पाणी प्याल्या.

त्यानंतर अकराव्या दिवशी हुकूम आला.

आनंदराव पायी आले, सायकल हातात धरून. पडवीच्या पायरीवर बसले आणि कागद वाचून दाखवला. सदर बाई व तिचे तान्हे मूल, एकूण दोन इसम, यांना परवा येणाऱ्या खास गाडीने छावणीत पोहोचते करावे. दोघांचे वाटेतले जेवण मंजूर. दोघांची नावे यादीत घातली आहेत.

मग लालमहंमद म्हणाला, "आता एकच ऱ्हायलंय. दुरुस्त करा."

"दुरुस्त करायचं तर कागद माघारी पुण्याला जाणार. तिथनं सही हुईस्तवर गाडी जाईल. पुढची कवा हाय ते देवाला ठाऊक." आनंदरावांनी चष्मा पुसला. "दोनाची मंजुरी हाय. तिकडं उतरवून घेणारा माणूस डोकी मोजतो. एक कमी पडलं तर नाव आडकवून ठेवतील, मंग चौकशी."

"आन् ही गाडीत बसती कुठं?" खुर्शिद म्हणाली. "गाडीचं तोंड बघितलं की भिंतीत शिरती."

तिसऱ्या दिवशी गाडी आली. तिच्यात दुभाष्या होता, छावणीतून ही माणसं आणायला गेलेला, चष्मा लावलेला एक तरुण भिक्षू. त्याला हिंदी येत होती. लालमहंमदला हिंदी येत होती. तेव्हा ल्हामोचं बोलणं आधी भिक्षूकडे जायचं, तिथून लालमहंमदकडे आणि मग मराठीत धुरपदाबाईंपर्यंत पोचायचं. पहिलं उत्तर पोचलं ते असं: "छोडेन हाय. छावणीत हाय. त्या म्हातारीपाशी. रोज स्टेशनाच्या वाटंला जाऊन बसती."

ल्हामोनं तोंडावर पदर घ्यावा तशी झग्याची बाही घेतली. पण उठली नाही. इंजिन मागं चाललं होतं.

धुरपदाबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. एरवी त्या मोठ्यानं बोलत नसत, आताही नाही.

"लालमहंमदभाऊ, तिला सांगा. त्या दिशी तिनं मला इचारलं आन् मी मान हलवली. गाडी त्या अंगाला निघती, म्हणून हलवली. माघारी जात न्हाई ती. पुढं रूळ फुटतात. मला बोलून सांगता आलं आसतं. मोठ्यानं हाक मारून कुणाला इचारता आलं आसतं. माझा नेम हुता म्हणून मी बोलले न्हाई. नेम देवाचा हुता, पर मान माझीच हुती. लेकरू माझ्यामुळं गेलं."

लालमहंमदनं त्यांच्याकडे पाहिलं. "हे सगळं सांगू?"

"सगळं सांगा. कमी करू नका."

त्यानं सांगितलं. भिक्षूनं सांगितलं. ल्हामो ऐकत राहिली. मग हळूहळू बोलली आणि तिचं बोलणं परत त्याच वाटेनं आलं.

"ती म्हणती," लालमहंमद म्हणाला, "फलाटावर पुष्कळ माणसं हुती. तुमच्याच काखोटीला पोथी हुती. पोथीवाली बाई खोटं सांगणार न्हाई म्हणून तिनं तुम्हालाच इचारलं."

धुरपदाबाईंनी मान खाली घातली. ल्हामो अजून बोलत होती.

"ती म्हणती, तुम्ही खोटं सांगितलं न्हाई, हे तिला आता कळलं. बाकीचं ती काय बोलणार न्हाई." भिक्षूचं पुढचं बोलणं त्यानं ऐकून घेतलं. "ती इचारती, थोरलीनं धाकटी कुठं म्हणून इचारलं, तर काय सांगू? पाठीवर फडकं रिकामं बघून ती इचारंल. आई म्हणून माझ्या तोंडातनं ते निघणार न्हाई, म्हणती. म्हणून पाय उचलत न्हाई तिचा."

म्हणजे नुसती गाडीची भीती नव्हती. धुरपदाबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"ते मी सांगीन," त्या म्हणाल्या. "तिला म्हणा, मी गाडीत तुझ्या शेजारी बसते. तुला लेकीच्या हाती देईस्तवर उतरत न्हाई. आन् धाकटीचं मी सांगीन. तिच्यासमोर बसून, तिच्या डोळ्यांत बघून सांगीन. तू गप ऱ्हा."

हे तिकडं पोचलं, तेव्हा ल्हामोनं पहिल्यांदा वर पाहिलं.

आनंदराव बाजूला यादी घेऊन उभे होते. त्यांनी खिशातून पेन काढलं, थोडा वेळ तान्ह्या मुलाच्या नावावर धरलं आणि न टेकवता टोपण लावलं. "दोन," ते भिक्षूला म्हणाले. "दोन इसम. मोजून घ्या."

"जेवण मी माझं बांधून घेते," धुरपदाबाई म्हणाल्या. "तिच्या वाट्याचं मला नको."

खुर्शिदनं भाकरी, चटणी आणि मिठाची पुडी फडक्यात बांधून दिली. भामाबाई धावत आली होती, तिनं विचारलं, "आगं, मांडवगणला काय सांगू? पारायण आर्धं ऱ्हायलंय तुझं. कवा येशील?"

"येईन तवा येईन. तुळशीला पाणी घालायला सांग कुणाला तरी."

मग त्या भिक्षूकडे वळल्या आणि लालमहंमदकरवी त्यांनी एकच विचारलं: तुमच्या बोलीत धाकट्या बहिणीला काय म्हणतात? त्यानं सांगितलं. त्यांनी तो शब्द म्हणून पाहिला, चुकला. त्यानं पुन्हा सांगितला. ल्हामोनंही सांगितला, अगदी हळू. धुरपदाबाई तो शब्द ओठांत घोळवत डब्याच्या पायऱ्या चढल्या, खिडकीपाशी दोघींपुरती जागा केली, आणि दाराशी येऊन ल्हामोला वर घ्यायला हात पुढं केला.